बेल न उचललेला ड्रायव्हर

ती घटना आठवली की आजही माझी मान खाली जाते. उदगीरला मी ठाण्याचा प्रभारी होतो. भर दुपारी एका आडत व्यापाऱ्याची नवी गाडी त्याच्या दारातून चोरीला गेली. गाडी बटणावर चालणारी. किल्ली खिशात असली की दाराला हात लावताच दार उघडतं आणि बटण दाबलं की इंजिन सुरू होतं.

पंचनाम्यात जागेवर काचेचा तुकडा नाही, ओढून नेल्याची खूण नाही. एक किल्ली तिजोरीत होती. दुसरी देवघरात, कारण गाडी लावली की ड्रायव्हरने किल्ली महादेवाच्या पिंडीपुढं ठेवायची, हा त्या घरचा रिवाज. देवघर रस्त्याकडच्या भिंतीला लागून. दोन्ही किल्ल्या जागच्या जागी, म्हणजे कोणीतरी नक्कल केली असणार. करणार कोण? रोज हाताळणारा. एवढ्यावरच आम्ही तपास संपवला होता.

व्यापाऱ्याने ड्रायव्हरला मोंढ्यात, भर धान्यबाजारात, दुकानासमोर उभं केलं. हमाल, गिऱ्हाईक, सगळे जमले.

"चोरी केली न्हाईस ना? मग उचल महादेवाचा बेल, घे शपथ!"

"मालक, म्या गाडी चोरली न्हाई. पण बेल उचलणार न्हाई. खरी शपथबी लेकराबाळांवर येती म्हणतात. माझ्या पोरीची सोयरीक जमून राहिली हाय."

मी तिथंच खुर्चीत चहा पीत होतो. थांबवलं नाही. उलट बरं वाटलं, आपलं काम परस्पर होतंय. बेल नाकारला म्हणजे चोर, असं धरून त्याला सगळ्यांदेखत जीपमध्ये घातलं आणि चौकशीला ठाण्यात बसवून ठेवलं.

मग बिलोलीकडच्या एका ढाबेवाल्या खबऱ्याचा फोन आला. "साहेब, नंबर बदललेली गाडी हाय. दोघं हायत, आन् जेवतानाबी पिशव्या खाली ठेवंनात."

दोघं सापडले. दम भरायची तयारी ठेवली होती, पण एकजण चहा मिळताच शिकवणी घेतल्यासारखा बोलू लागला. "दाराला हात लावला की गाडी हाक मारती, किल्ली जवळ हाय का म्हणून. किल्ली ओ देती. आमचा एक माणूस पिशवी घेऊन घराच्या भिंतीपाशी, दुसरा गाडीपाशी. पिशवीतलं यंत्र गाडीची हाक किल्लीपर्यंत नेतं, किल्लीची ओ गाडीपर्यंत आणतं. गाडीला वाटतं, मालकच आला. एकदा चालू झाली की किल्ली लांब राहिली तरी बंद पडत न्हाई."

पंचांसमोर तेच यंत्र लावून पाहिलं. किल्ली पिंडीपुढं, गाडी रस्त्यावर, आणि गाडी सुरू झाली. ड्रायव्हरला त्याच दिवशी ठाण्यातून सोडलं.

मग व्यापारी आणि मी ड्रायव्हरच्या घरी गेलो. व्यापाऱ्याने हात जोडले. मी "गैरसमज झाला" म्हणालो. त्याची बायको म्हणाली, "सोयरीक मोडली, साहेब. पावण्यांनी मोंढ्यातलं ऐकलं. चोर म्हणलात भर मोंढ्यात, आन् हात जोडायला घरात आलात व्हय?"

पुढं मी भेटेल त्याला सांगत आलो की असली किल्ली पत्र्याच्या डब्यात ठेवा, म्हणजे तिची ओ बाहेर जात नाही. शपथ नाकारणारा खोटाच असतो असं नाही, हेही शिकलो. पण फार उशिरा, आणि दुसऱ्याच्या लेकीच्या जिवावर.

ती बाई बरोबर बोलली होती. त्या भेटीच्या दुसऱ्या दिवशी मोंढ्यात जाऊन चार माणसांत सगळं सांगायचं ठरवलं. वर्दी घालून गेलो, दुकानासमोर उभाही राहिलो. हमालांनी सलाम केला. मी हरभऱ्याचा भाव विचारला आणि परत आलो.