नापास मुलीची आई

"तुमची मुलगी नापास झालीय ना, मग तुम्हीच बोला. वजन पडेल."

गणपतीची आरती झाल्यावर, मोदकाचं ताट माझ्यापुढे धरून डॉक्टर काकू बोलल्या. अमेरिकेत, फ्रिस्कोतल्या त्यांच्या भरलेल्या हॉलमध्ये.

बोलायचं होतं ते इथल्या एका शाळेबद्दल. ती सरकारी पैशावर चालते. म्हणजे माझ्याही टॅक्सवर. पण आत जायला प्रवेश परीक्षा. ती बंद करावी का, यावर शाळेच्या बोर्डाची जाहीर मीटिंग होती. परीक्षा हवीच, असं मराठी मंडळाचं म्हणणं. नापास मुलीच्या आईनेच परीक्षेची बाजू घेतली, की विषय मिटला.

काकूंची नात त्याच शाळेत. घागऱ्यावर शाळेची मरून रंगाची हूडी घालून मिरवत होती. मी जळत होते. खोटं कशाला बोलू? ती हूडी मला माझ्या मुलीच्या अंगावर हवी होती.

वर्षभर दर रविवारी काकूंच्या घरी या परीक्षेचा क्लास चालायचा. मंडळातले आईवडीलच आळीपाळीने शिकवायचे. मीही विचारलं होतं, मुलीला घ्या, मी गणित शिकवते. काकूंनी आडनाव विचारलं. मग माहेरचं. मग नागपुरात नेमके कुठल्या वस्तीत राहायचो ते. मग म्हणाल्या, जागा भरल्यात. पुढच्याच रविवारी दोन नवी मुलं आली.

नागपूरला कॉलेजात ऐकवायचे, तुमचं काय, तुम्हाला सीट मिळतेच. इथे तर सीट मिळालीच नाही. तरी ऐकायचं मीच.

निकालाच्या दिवशी मुलगी म्हणाली, "आई, आय ॲम जस्ट नॉट स्मार्ट. इट्स ओके." मला समजावत होती. दहा वर्षांची पोर.

मी मीटिंगला गेले. काकूंनी माझं नाव आधीच देऊन ठेवलं होतं. पहिल्या रांगेतून त्यांनी मान हलवली, बोला म्हणून. मी इंग्रजीत सांगितलं, माझी मुलगी नापास झाली. ज्या क्लासमधून मुलं पास होतात, तिथे तिला घेतलं नाही, कारण आधी तिच्या आईची जात चाचपली गेली. परीक्षा बंद करा. चिठ्ठ्या टाकून प्रवेश द्या.

एकही टाळी पडली नाही.

पार्किंगमध्ये काकूंनी गाठलं. "बाहेरच्यांसमोर आपली अब्रू घालवलीस." आजवर अहो-जाहो करायच्या.

"तुमची," मी म्हटलं. "आपली नाही."

बोर्डाने निर्णय पुढे ढकलला. मंडळाच्या ग्रुपमधून मला काढलं. कुठे मरून हूडी दिसली की अजूनही मी जळते. जळू दे. पुढच्या मीटिंगला नाव मी स्वतः दिलंय, आणि मुलीला सोबत नेणार आहे. ती क्लासबाहेर का राहिली, ते तिने माझ्या तोंडून, सगळ्यांदेखत ऐकायला हवं. जागा गेली तर गेली. पण आपण हुशार नाही, हे तिच्या डोक्यात मी राहू देणार नाही.