लोखंड, कार्बन आणि लासुर्ण्याचा चहा

सायकलवाल्यांचे किस्से जुन्या ट्यूबांसारखे असतात. टाकवत नाहीत म्हणून एका खिळ्याला अडकवत जायचं, आणि एक दिवस खिळाच निखळतो. माझा निखळलाय, म्हणून लिहायला बसलो.

पण आधीच सांगतो, माझ्या स्मरणशक्तीवर फार विसंबू नका. रसायनशास्त्रात डॉक्टरेट आहे, पण गॅस बंद केला का हे बघायला मी जिन्यावरून परत वर जातो. या आठवणींत तर एक गोष्ट कित्येक वर्षं जुळतच नव्हती. मिलिंद डॉक्टरांची कार्बनची सायकल आमच्यात सगळ्यात हलकी होती, हे मला पक्कं आठवायचं. आणि तीच सायकल पुढे चढाला मागं पडायला लागली, हेही पक्कं आठवायचं. डॉक्टर तर होते तेच होते! दोन्ही खरं कसं असेल? चूक माझ्याच डोक्यात असणार, असं मी धरून चाललो होतो.

नव्वदच्या दशकातली गोष्ट आहे. दर रविवारी सकाळी बारामतीहून इंदापूरच्या रस्त्याला लागायचं, सणसर मागे टाकायचं, लासुर्ण्यात चहा प्यायचा आणि परत. आम्ही चौघं. मी कॉलेजात शिकवायचो, म्हणून ‘सर’. मिलिंद डॉक्टर हाडांचे. अशोकरावांचं पाइप आणि पाण्याच्या मोटारींचं दुकान. आणि कन्हेरीचे तात्या. तात्यांनी साठी ओलांडली होती. घरात पूर्वी मेंढरं होती, आता ऊस होता. तरुणपणी ज्या रेसिंग सायकलवर त्यांनी शर्यती मारल्या, तीच ते अजून चालवायचे. ते तिला लोखंड म्हणत. खरं तर ते पोलाद, पण तात्यांना दुरुस्त करायची माझी छाती नव्हती.

*

डॉक्टरांच्या भावाने जर्मनीहून येताना कार्बनची सायकल आणली. दवाखान्याच्या अंगणात खोकं उघडलं. काळी कुळकुळीत फ्रेम, कुठे जोड दिसेना. डॉक्टरांनी ती एका बोटावर उचलून दाखवली.

अशोकरावांनी नळीवर टिचकी मारली. “डॉक्टर, ही तर आपल्या दुकानातली पाइप! आधी विचारलं असतं तर काळा रंग मारून दिला असता.”

तात्या जवळ गेले. त्यांनी आधी आपल्या सायकलवर नखाने वाजवलं. टण्ण! मग कार्बनवर. टक.

“मुकी हाय,” ते म्हणाले.

डॉक्टर म्हणाले, “तात्या, ती बोलत नाही, पळते.”

“पळंल की. पर दुखलं-खुपलं तर सांगणार कशी?”

डॉक्टर हाडांचे असल्यामुळे त्यांनी नळीला कान लावून पाहिला.

*

वजनावरून वाद पेटला. तात्यांचं म्हणणं, फरक असून असून किती असणार! मी म्हटलं, वाद कशाला, मोजू या. मोजायचं म्हटलं की मला धीर येतो.

पुढच्या रविवारी लासुर्ण्यात अशोकरावांच्या ओळखीच्या गूळ अडत्याकडे गेलो. आधी तात्यांची सायकल काट्यावर ठेवली. हमालाने आकडा मोठ्याने सांगितला. मग डॉक्टरांची ठेवली. हमालाने काट्याकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं.

“ह्ये बारदान झालं,” तो म्हणाला. “माल कवा ठेवताय?”

अशोकराव गुळाच्या ढेपेवर बसून हसत राहिले. तात्या परतीच्या वाटेवर एकटेच मागून येत राहिले. सणसरच्या अलीकडे मला गाठून मात्र म्हणाले, “सर, त्या काट्यात काय खोट आसंल का वो?”

मी रात्रभर त्याचाच विचार केला. खोट असू शकते, असं मला कशाबद्दलही वाटतं.

*

उन्हाळा लागला आणि मला नवीच धास्ती बसली. कार्बनचे धागे राळेत बसवलेले असतात. आपल्याकडच्या एप्रिलच्या उन्हात ती राळ मऊ पडली तर? जर्मनीत कुठलं आलंय बारामतीचं ऊन! मी डॉक्टरांना सांगितलं, सायकल उन्हात उभी करू नका. उभी करावीच लागली, तर गार ठेवा.

डॉक्टर माझा मान राखायचे. पुढच्या रविवारी लासुर्ण्याच्या हॉटेलबाहेर सावली मिळाली नाही, तर त्यांनी मालकाकडून गोणपाट मागून घेतलं, भिजवलं आणि सायकलवर टाकलं. आम्ही आत चहा पीत बसलो.

बाहेर येऊन पाहतो तर एक आजी गोणपाट उचलून आत वाकून बघत होती.

“रांजण कुठाय रं ह्यात?” ती म्हणाली. “पाणी पाजायचं न्हाय तर वलं गोणपाट टाकून मानसाला फसवावं का?”

डॉक्टरांनी स्वतःची बाटली तिला दिली. मला वाटतं, शास्त्राने त्या उन्हाळ्यात एवढंच काम केलं.

*

एकदा उसाच्या ट्रॉलीला वाट देताना तात्यांची सायकल खड्ड्यात गेली आणि फ्रेमचा खालचा जोड उकलला. मला वाटलं, संपलं. चाळीसेक वर्षांची सायकल! मी तात्यांचं सांत्वन कसं करावं याची वाक्यं जुळवत होतो.

तात्यांनी सायकल खांद्यावर टाकली आणि रस्त्यालगतच्या ट्रॉली दुरुस्तीच्या शेडमध्ये नेली. आमचा चहा होईपर्यंत ते वेल्डिंगचा डाग लावून, वर काळं ऑइल फासून हजर!

“डॉक्टर,” ते म्हणाले, “तुमची मोडली तर कुठं न्ह्याची? जर्मनीला?”

“मी हाडांचा डॉक्टर आहे तात्या. प्लास्टर घालीन.”

“आणि सहा आठवडे पाय हलवू देणार नाही!” अशोकराव म्हणाले.

त्या दिवशी मला लोखंड जास्त आवडलं. आदल्या रविवारी कार्बन आवडलं होतं. माझी स्वतःची सायकल साधी, दुकानातली. मी दोन्ही पक्षांचं ऐकायचो आणि घरी येऊन तिची हवा तपासायचो.

*

आता चहाचा नियम सांगायला हवा, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

लासुर्ण्याच्या अलीकडे रस्ता थोडा चढतो. नकाशावर दिसणारही नाही असा चढ. पण तिथे आमची शर्यत लागायची, आणि जो शेवटी पोचेल त्याने हॉटेलात बाकीच्यांना चहा वाढायचा. बशा मांडायच्या, कप आणून द्यायचे, नंतर उचलायचे. हा नियम तात्यांनीच घातलेला. अशोकराव वयाने लहान, ते पहिले. मी दुसरा, कारण मागून ट्रॉली येईल या भीतीने मला हळू चालवताच यायचं नाही. शेवटच्या जागेसाठी खरी झुंज डॉक्टर आणि तात्यांची. त्यांच्यात फार तर एका सायकलचं अंतर असायचं. आणि कार्बन येईपर्यंत चहा वाढायचे ते डॉक्टर.

कार्बन आली आणि चहा तात्यांकडे गेला.

पहिल्या वेळी हसण्यावारी गेलं. नंतर आम्हालाच अवघड व्हायला लागलं. वडीलधारा माणूस आपल्यापुढे कप ठेवतोय! मी उठायला लागलो की तात्या दरडावायचे, “बसा सर. नियम म्हंजी नियम.”

एका रविवारी शेजारच्या बाकावर बाहेरगावचे दोघे ट्रकवाले होते. तात्या कप घेऊन आले तसा त्यातला एक ओरडला, “ओ आबा, हिकडं दोन कट! आन् फडकं मारा जरा!”

आम्ही तिघं जागच्या जागी थिजलो. तात्यांनी मालकाकडून दोन चहा आणले, त्यांच्यापुढे ठेवले, फडकं मारलं.

परतीच्या वाटेवर डॉक्टर मुद्दाम मागे रेंगाळले. तात्या एकदम ब्रेक लावून थांबले.

“डॉक्टर, माझ्यासाटी हळू चालवताय व्हय?”

डॉक्टर ब्रेकची तार चाचपत राहिले. त्यांची अडचण मोठी होती. विपश्यनेला जाऊन आल्यापासून त्यांनी मासे-मटण सोडलं होतं आणि खोटं बोलणंही सोडलं होतं. मासे-मटण सोडल्याचं त्यांना विशेष काही वाटत नव्हतं.

“ज्या दिवशी माझी कीव करून कुनी मागं ऱ्हाईल,” तात्या म्हणाले, “त्या दिवशी ही सायकल आडूला टांगली म्हनून समजा.”

पुढच्या रविवारी तात्या आले नाहीत. त्याच्या पुढच्याही.

*

तात्यांशिवाय रविवार म्हणजे नुसता व्यायाम. कुणी टोचून बोलेना, कुणाला राग येईना. लासुर्ण्याच्या मालकाने विचारलं, “तुमचं तात्या आजारी हायती का?” आणि स्वतःच चहा आणून दिला. तो चहा आम्ही बशीतच गार होऊ दिला.

अशोकरावांनी उपाय सुचवला, “आपणच सगळे हळू चालवू. तात्यांना काय कळतंय?”

डॉक्टर म्हणाले, “त्यांना कळेल. आणि विचारलं तर मी काय सांगू?”

त्याच रविवारी आम्ही पुढे उजनी धरणाच्या फुगवट्यापर्यंत गेलो. मी आणि अशोकराव पाण्याकडे बघत बसलो होतो, आणि डॉक्टर मात्र कोळ्यांच्या होड्यांपाशी उभे. बराच वेळ बोलणं चाललं होतं. मग कसलंसं जड गाठोडं त्यांच्या पाठपिशवीत गेलं.

अशोकरावांचे डोळे चमकले. “काय डॉक्टर! विपश्यना पाण्यात गेली वाटतं! चिलापी का मरळ?”

“मासे घेतले नाहीत,” डॉक्टर शांतपणे म्हणाले.

“मग पिशवीला वास कशाचा येतोय?”

“वास माशांचाच आहे. पण मासे नाहीत.”

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. सत्यवचनी माणसाला इतकं घोळून बोलावं लागतंय म्हणजे प्रकरण गंभीर आहे, असं आमचं मत पडलं. अशोकरावांनी तर आठवडाभर डॉक्टरांच्या बंगल्यावरून जाताना नाक वर करून हुंगलं.

*

आठवड्याच्या मधल्या वारी डॉक्टर मला घेऊन कन्हेरीला गेले. तात्या उसाला पाणी देत होते. सायकल खरंच घरात आडूला, म्हणजे छताच्या आडव्या वाशाला, टांगली होती. ती तशी लोंबकळताना बघून मी आधी दोरी पक्की आहे का ते तपासलं.

“तात्या,” डॉक्टर म्हणाले, “या रविवारी मी अंगात आहे तेवढा सगळा जोर लावणार. तसूभर कमी नाही. तरी मागं पडलो तर चहा मी वाढीन.”

तात्यांनी त्यांच्याकडे टक लावून पाहिलं. “तुमी खोटं बोलत न्हाय.”

“नाही बोलत.”

“म्होरं कवाच हळू चालवनार न्हाय?”

“कधीच नाही.”

तात्यांनी दारं मोडून पाणी पुढच्या सरीत सोडलं, हात पुसले आणि आत जाऊन सायकल खाली काढली.

त्या रविवारचा चढ मी अजून विसरलो नाही. मी वर पोचून मागे वळून पाहिलं. डॉक्टरांचा चेहरा लालबुंद, मानेच्या शिरा फुगलेल्या, सीटवरून उठून पायडल मारतायत. तो जोर खोटा नव्हता, हे कुणालाही दिसलं असतं. आणि त्यांच्या शेजारून, जुन्या चेनचा करकर आवाज करत, तात्या पुढे निघाले. एका चाकाने!

हॉटेलात डॉक्टरांनी बशा मांडल्या. तात्यांनी पायावर पाय टाकला.

“लोखंड ते लोखंड! डॉक्टर, जरा गरम आना. हा कोंबट हाय.”

असं नाही की तात्याच नेहमी जिंकले. पुढच्या वेळी डॉक्टर पुढे गेले, त्याच्या पुढच्या वेळी पुन्हा तात्या. पण आता चहा वाढताना तात्यांची मान खाली जात नव्हती. “आज पाय जड हुतं,” एवढंच म्हणायचे.

माझं डोकं मात्र कामाला लागलं. हलकी सायकल अचानक मागे का पडते? मी लासुर्ण्याच्या बाकावर बशी उपडी ठेवून सगळ्यांना सविस्तर समजावलं. आपले रस्ते खडबडीत, पोलाद स्प्रिंगसारखं लवतं, खाचखळग्यांतली शक्ती परत देतं. कार्बन ताठ, ते ती फुकट घालवतं. शिवाय ऊन! राळेचा मुद्दा मी पुन्हा आणला. तात्या मान डोलवत होते. अशोकरावांनी जांभई दिली.

डॉक्टर शेवटपर्यंत लक्ष देऊन ऐकत होते. मग म्हणाले, “सर, तुम्ही फार सुंदर समजावून सांगता.”

*

तात्या जाऊन आता बरीच वर्षं झाली. शेवटच्या हिवाळ्यापर्यंत ते चढाला यायचे. डॉक्टर दवाखाना आवरून मुलीकडे परदेशी गेले, आणि जाताना कार्बनची सायकल माझ्याकडे सोडून गेले. “सर, उन्हात ठेवू नका,” एवढंच म्हणाले.

ती तशीच ओसरीत उभी होती. माझे गुडघे, माझा तोल, सगळ्याची मला शंका. गेल्या वर्षी एकदा धीर केला. डॉक्टर माझ्याहून उंच, म्हणून सीट खाली घ्यायला गेलो. सीटची दांडी थोडी खाली गेली आणि अडली. झालं, मोडलं काहीतरी! घाबरून ती पूर्ण बाहेर काढली आणि टॉर्च लावून फ्रेमच्या नळीत पाहिलं.

आत पांढरं काहीतरी होतं. वर सुतळीचा फास. ओढला, तर बँडेजची लांबलचक गुंडाळी बाहेर आली. घट्ट, एकसारखी, शेवटाला चिकटपट्टी, हाडांच्या डॉक्टरांची असते तशी. उलगडली. आत शिशाचे मणी, कोळी जाळ्याच्या कडेला ओवतात ते. इतक्या वर्षांनीही हाताला माशांचा पुसटसा वास लागला.

मी ते पुन्हा होतं तसं गुंडाळलं, नळीत सोडलं आणि सीट डॉक्टरांच्या उंचीलाच आवळली. मग तात्यांच्या सुनेला फोन केला. तिने सायकल आडूवरून काढून टेम्पोत घालून पाठवली.

गूळ अडत्याकडे आता नवा काटा आहे, लाल आकड्यांचा. आधी डॉक्टरांची सायकल ठेवली. मग तात्यांची. माझा विश्वास बसेना म्हणून दोन्ही पुन्हा ठेवायला लावल्या.

दोन्ही वेळा आकडा एकच आला.