विरजण आणि इंजन

बायको गेली त्याला सव्वा वर्ष झालं. लोक येतात, बसतात, म्हणतात तिच्याबद्दल काही लिहून ठेवा. मी चार बुकं शिकलेला माणूस. काय लिहू? ती चांगली होती असं लिहावं, तर मेलेल्या बायकोबद्दल सगळेच तसं लिहितात. म्हणून एका इंजनाबद्दल लिहितो. त्यात ती येते.

स्वराज्य येऊन सात-आठ वर्षं झाली असतील. गोंडपिपरीकडच्या आमच्या गावात मालकानं धान भरडायची मिल टाकली. तोवर बाया ढेकीवर कांडत. इंजन डिझेलचं, दोन्ही बाजूंना माणसाच्या छातीइतकी चाकं. मी चांद्याला एका मिलमध्ये पाणी भरत होतो, तेवढ्यावर मालकानं मला ड्रायव्हर केलं. मिलपासून वीस पावलांवर कुडाची खोली दिली. त्याच वर्षी माझं लग्न झालं.

इंजनाखाली दगडाचा खोल पाया लागतो, हे मालकाला ठाऊक होतं. पण खोदायला घेतलं तर वारूळ लागलं, अन् वारुळाला कुदळ लावायला गावात कोणी तयार होईना. मग सागाचे चार ओंडके जमिनीवर आडवे टाकले आणि इंजन त्यांच्यावरच आवळलं. पहिल्या दिवशी चाक फिरवलं तर शेजारच्या म्हाताऱ्यानं तोंडातली विडी विझवली आणि तो घराबाहेर पळाला. त्याला वाटलं, भूकंप.

गावाला चार दिवसांत सवय झाली. माझ्या घराला होईना. भांडी फळीवरून चालत चालत कडेला येत आणि उडी मारत. खाट रात्री या भिंतीला लावली, तर दुसऱ्या दिवशी सांजेला त्या भिंतीला. हे सगळं बायकोनं सोसलं. खरी पंचाईत दह्याची झाली.

तिचं माहेर म्हशींचं. बापाचं दही गोंडपिपरीच्या बाजारात नावाजलेलं. आणि आमच्या गावची रीत अशी, की नव्या सुनेनं आपल्या हातानं विरजण लावायचं आणि पाच घरी वाटायचं. दही घट्ट, तर हात बरकतीचा. तिनं लावलं. सकाळी पाणी. पुन्हा लावलं, पुन्हा पाणी. थंडीचे दिवस, दही जमायला रात्र पुरत नसे. पहाटे कुठं ते धरायला लागे, तेवढ्यात मी जाऊन इंजनाचं चाक फिरवी. दीड महिना झाला. बाया विहिरीवर बोलू लागल्या, की हिच्या हातात दोष आहे, हिची कूसही अशीच राहील. शिंक्यात टांगून पाहिलं, तर वरचं आढंच हालत होतं.

ती मला म्हणाली, "दही लागलं नाई तं मी बाच्या घरी जाते. या गावात मले तोंड दाखवनं होत नाई."

मी मालकाकडे गेलो. मालक म्हणाला, "इंजन हालन नाई तं काय झोपन?" पण हादऱ्यानं मालकाच्या आईचे दात दुखू लागले होते, म्हणून त्यानं उपाय करायला हो म्हटलं.

पहिला उपाय माझा. इंजनाखाली काहीतरी मऊ पाहिजे. मिलमध्ये मऊ काय, तर पोती. आठ पोती धान ओंडक्यांखाली घातलं. हादरा खरंच कमी झाला. तिसऱ्या दिवशी पोती बदलायला काढली तर आतलं धान घासून घासून अर्धंअधिक सोललेलं. कणी जवळजवळ नाही. ही बातमी गावात गेली. लोक पोती घेऊन यायचे आणि म्हणायचे, भाऊ, मशिनीत नको टाकू, खाली ठेव. दोन दिवस भरडायच्या हलरपाशी कोणी उभं राहिना, इंजनाखाली मात्र रांग. मालकानं पोती बंद केली.

दुसरा उपाय लोहाराचा. जंगलाच्या ठेकेदाराची मोडकी लॉरी नाल्यापाशी पडली होती. लोहार म्हणाला, लॉरी खड्ड्यात आपटते तरी वरचा माणूस जिवंत राहतो, कशानं? कमानीच्या पाट्यानं. चार कमानी आणल्या, इंजन त्यांच्यावर चढवलं. मी चाक फिरवलं. इंजनानं आधी मान खाली घातली, मग वर केली, आणि शंकरपटाच्या शर्यतीतल्या बैलासारखं निघालं. पट्टा निसटला. पट्टा निसटल्यावर वजन राहिलं नाही, तशी त्याची मस्ती वाढली. उड्या मारत अर्धं वळलं आणि मालकाच्या खुर्चीकडे तोंड करून उभं राहिलं. मालक खुर्चीत नव्हता. तो केव्हाच बाहेरच्या मोहाच्या झाडामागं गेला होता. मी डिझेल बंद केलं. दुसऱ्या दिवशी लोहारानं सुचवलं, की याला वेसण घालू. इंजन दोरखंडानं त्या मोहाला बांधलं. इंजन जागेवर राहिलं, झाड हालू लागलं. वरची वानरं उतरून मारुतीच्या पारावर जाऊन बसली आणि संध्याकाळपर्यंत आमच्याकडे पाहत राहिली.

ह्या गोष्टी गोंडपिपरीच्या बाजारात पोचल्या. सासरा बैलगाडी घेऊन आला. कमानी काढून इंजन पुन्हा ओंडक्यांवर बसवलं होतं आणि चालू होतं. सासऱ्यानं आमच्या घरात येऊन आधी भुईवर हात ठेवला, मग भिंतीवर. मग मला बोलावून माझ्या छातीवर ठेवला आणि पोरीकडे वळून म्हणाला, "हा बी हालून राह्यला." मग मला विचारलं, "जवाईबुवा, आमी पोरगी मानसाले देल्ली का इंजनाले?"

त्यानं आठ दिवस दिले. आठव्या दिवशी दही लागलं तर पोरगी इथं, नाही तर गाडीत. आणि आठ दिवस तो कुठं गेला नाही. आमच्याच ओट्यावर बसला. धानाचाही शेतकरी तो, त्याला रिकामं बसवेना. त्यानं कुदळ मागितली. म्हणाला, पाणी धानाच्या एका बांधीतून दुसरीत जाऊ नये म्हणून मधात मातीचा धुरा घालतो ना आपण, तसा हादऱ्यालाही घालू. मिल आणि घराच्या मधात त्यानं आणि मी कमरेइतका धुरा घातला, चोपून चोपून. इंजन सुरू केलं तर धुराही हालला. त्याच्यावर बसलेली कोंबडी बसल्या जागी थरथरत होती, उतरायचं तिला सुचत नव्हतं.

बायको दारात उभी राहून हे पाहत होती. मुदतीचा चौथा दिवस उजाडला होता. ती म्हणाली, "धुरा बी जमीनच हाये. हादरा जमिनीतून येते, तं जमीनच तोडा ना."

सासरा म्हणाला, "बाई, जमीन कशी तोडन?"

"जसा धुरा बांधला तसाच. उलटा."

तीन दिवस आम्ही खणत होतो. वारूळ आतल्या बाजूला राहिलं, त्यामुळे कोणाची हरकत नव्हती. मिलच्या चारी बाजूंनी खंदक, गळ्याइतका खोल, चार हात रुंद. कोणी पडू नये म्हणून त्यात धानाचा भुसा भरला. त्यामुळे लोकांना वाटलं जमीनच आहे. पहिल्याच सकाळी कोतवाल त्यात गळ्यापर्यंत गेला आणि तिथूनच त्यानं मालकाला रामराम केला. मग जाण्या-येण्यासाठी सागाची फळी टाकली. पण इंजन चालू असताना फळीवरून हादरा बरोबर पलीकडे येई. ओझं घेऊन येणारा माणूस फळीवर आला, की त्याचे दात वाजत, पुढचं बोलणं कळत नसे. म्हणून ठरलं, की चाक फिरवण्याआधी फळी ओढून घ्यायची. पोती सकाळी आत, तांदूळ संध्याकाळी बाहेर. मधल्या वेळात मी एकटा इंजनासोबत, चहूकडून भुसा.

सातव्या रात्री तिनं विरजण लावलं. आठव्या दिवशी मी पहाटे आत गेलो, फळी ओढली, इंजन सुरू केलं. सासऱ्यानं गाडी जुंपली होती. बैलांच्या माना दिसत होत्या. पण इंजनाच्या आवाजात मला काही ऐकू येत नव्हतं, म्हणून पुढचं सगळं मी मुकं पाहिलं.

दिवस बराच वर आल्यावर ती गाडगं घेऊन बाहेर आली. बापासमोर उभी राहिली आणि तिनं गाडगं उलटं केलं. काही पडलं नाही. सासऱ्यानं वाकून खालून पाहिलं. मग ती तशीच उलटं गाडगं हातात धरून विहिरीकडच्या घरांना निघाली. पहिल्या दारात बाई बाहेर आली, हिनं गाडगं तिच्यापुढे धरलं, बाई आत गेली. दुसऱ्या दारात तसंच. तिसऱ्या दारात बाईनं दारच लावलं, तर ही दार उघडेपर्यंत उभी. चौथं झालं. पाचवं घर मालकाचं. मालकाची आई काहीतरी बोलली असावी, खोटं आहे, चिकटवलं आहे असं काहीतरी, कारण तिनं गाडग्याच्या खाली तोंड नेऊन वर पाहिलं. तेवढा वेळ दह्याला धीर धरवला नाही. सगळं एकदम सुटलं.

मी इकडे एकटा इतका हसलो की इंजनाला पाणी द्यायचं राहिलं. हसायला जोडीला कोणी नव्हतं. पलीकडे जायचं तर भुसा.

सासऱ्यानं बैल सोडले. दुपारचं जेवून पुन्हा जुंपले आणि रिकामी गाडी घेऊन गेला. जाताना खंदकाच्या काठाशी येऊन त्यानं माझ्याकडे पाहून हात जोडले. मीही जोडले.

संध्याकाळी मी इंजन बंद केलं. ती भाताची शिदोरी घेऊन फळीवरून आली. मालकाच्या आईचं मला विचारायचं होतं, पण तिचा चेहरा पाहून विचारलं नाही. ती शिदोरी सोडत म्हणाली, "बाले सांगतलं मी. आता गाडी आनू नोको."

यावर काहीतरी बोलायला पाहिजे होतं. पुढं किती वर्षं सोबत काढली, त्यात कधीही बोलता आलं असतं. मी एवढंच म्हणालो, "फळी सरळ ठेव जाताना. पाय जाईन तुहा."

ती हो म्हणाली आणि फळी सरळ केली.