बाबांचं अडलेलं वाक्य

भाचीच्या घरी मी पहिल्यांदा राहायला गेले, तेव्हा तिचं नि तिच्या हापिसातल्या जोडीदाराचं भांडण स्वयंपाकघरातून ऐकलं होतं.

"लोक थांबत नाहीत गं! उत्तर झटपट हवं."

"झटपट आणि चुकीचं? तुझ्यासारखं?"

"आणि बोलणं मोडकंतोडकं आलं की तुझं यंत्र सासूसारखं रुसून बसतं, त्याचं काय?"

"झटपट, बरोबर नि मोडकंतोडकं, तिन्ही सांभाळीन मी."

"तिन्ही नाही मिळत, बाई. एक धरलं की दुसरं निसटतं."

म्हटलं, चला, संसारासारखंच आहे हे! बोलण्याचा गुंता सोडवणारं यंत्र बनवायची ती दोघं. एका बोलण्याचे होतील तितके अर्थ काढायचे, लोक सहसा काय म्हणतात ते बघून प्रत्येकाला वजन द्यायचं. जड तो खरा.

पुढे तिच्या वडिलांना, म्हणजे माझ्या मेहुण्यांना, मेंदूचा झटका आला. शब्द उरले, वाक्यं गेली. भाचीने यंत्र त्यांच्या उशाशी आणलं. तुटकं बोलणं पचेल असं केलं, झटपटही केलं. "पाणी हवं." "कूस बदला." सगळं बरोबर यायचं. एकच बोलणं सुटेना. "दार... तिला... मी... नव्हतं..." यंत्र म्हणायचं, "दार लावा." मेहुणे पलंगावर हात आपटायचे. रोज. ही 'ती' कोण, ते आम्हा दोघींनाही ठाऊक नव्हतं.

"मावशी, जी गोष्ट माणूस आयुष्यात एकदाच बोलतो, ती हे यंत्र हलकी म्हणून आधीच फेकून देतं," ती रडवेली झाली. "वेळ वाचावा म्हणून मीच तसं शिकवलंय."

डॉक्टरांनी बजावलं होतं, दुसरा झटका कधीही येईल, आहे ती वाचाही जाईल. मग तिने ठरवलं, काहीच फेकायचं नाही, हलकं-जडही करायचं नाही.

"बाबा, पुन्हा सांगा. आता चुकणार नाही."

त्यांनी सगळा जीव एकवटून सांगितलं. यंत्र विचार करत बसलं. मेहुणे पडद्याकडे बघत राहिले. माझा चहा गार झाला. शेवटी त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

उत्तर आलं तेव्हा वाक्यांचा ढीग आला, सगळी सारख्याच वजनाची. ती एकेक वाचत गेली. "दार मी लावलं नव्हतं, असं का बाबा? तिला मी घालवलं नव्हतं, असं?" ते वळले नाहीत. त्यानंतर त्यांनी पाणीसुद्धा मागितलं नाही.

"पुन्हा झटपट कर की," मी म्हटलं.

"ते बोलतच नाहीत, मावशी. अर्थ कशाचा लावू?"

संध्याकाळी तिने पिशवी उचलली, मीही निघाले. औषधवाल्याकडे तिने त्यांचे डायपर घेतले, "गेल्या वेळी मध्यम दिलेत, मोठे द्या," म्हणून हुज्जत घातली. मग दाबून दाबून मऊ केळी निवडली. बाबांसाठीची ती तिची शेवटची फेरी; पुढच्या फेरीआधीच दुसरा झटका त्यांना घेऊन गेला.