पंचफुलाबाईंच्या हातातली बाटली

फ्रीज उघडण्याआधी पंचफुलाबाई दारावर दोनदा टकटक करत. आत असत गर्भाशयाच्या अस्तराचे नखाएवढे तुकडे, औषधात बुडवलेले, बाटलीवर नावाऐवजी नंबर. ज्या बायकांचा गर्भ वारंवार पडतो त्यांचं अस्तर तपासायचं, हे यवतमाळमधलं आमचं संशोधन. बाई तिथे मदतनीस. टकटक कशाला, असं विचारलं तर म्हणत, "आतल्या दचकतात न मॅडम."

मला हसू येई. पण एकदा दोन बाटल्यांचे नंबर पुसले गेले. बाईंनी त्या तळहातावर धरल्या आणि सांगितलं, ही वणीची, ही केळापूरची. रक्तगटावरून पडताळलं, तर बरोबर निघालं. त्यानंतर बाईंकडे पाठ करून बसायला मला नको वाटू लागलं.

माझे स्वतःचे तीन गर्भ गेले होते. नवऱ्याखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं. चौथ्यांदा धाडस करावं की नाही, ठरत नव्हतं. शेवटी नागपूरला जाऊन नमुना काढून घेतला आणि नियम धाब्यावर बसवून, कुणालाही न दिलेला नंबर चिकटवून आमच्याच ट्रेमध्ये सरकवला. शहाण्या बाईने करू नये अशी चूक.

दुसऱ्या दिवशी दुपारी ट्रे उचलताना बाई थबकल्या. नेमकी तीच बाटली मुठीत घेऊन माझ्याजवळ आल्या.

"हे तुमची हाय. मी कोणाले नाई सांगत."

कसं कळलं, हे विचारायची हिंमत झाली नाही. यापुढे मूल राहील का, एवढंच विचारलं. त्यांनी बाटली कानाशी नेऊन ऐकलं.

"ते तुमचं मशीन सांगन. पण हे अजून तिघांची वाट पाहून राह्यली, मॅडम. तुमी त्यायच्यासाठी रडल्याच नाई."

तीन हा आकडा मी त्यांना कधीच सांगितला नव्हता. मी तिथेच टेबलावर डोकं टेकून रडले, लहान पोरीसारखी. बाई पाठीवर हात ठेवून उभ्या होत्या.

तपासणीत अस्तराला जुनी सूज निघाली. औषधं घेतली. मला सातवा महिना असताना पंचफुलाबाई अचानक गेल्या. दहा-बारा दिवसांनी त्यांची मुलगी एक पिशवी घेऊन आली. आईने तुमच्यासाठी शिवलं, म्हणाली.

आत चार अंगडी होती. एक पाच वर्षांच्या मुलाला येईल एवढं, दुसरं चार वर्षांच्या, तिसरं दोन वर्षांच्या. माझे तिघं जगले असते, तर त्या महिन्यात त्यांची वयं बरोबर तेवढीच असती.

चौथं तान्ह्या बाळाचं होतं. त्याची एक बाही लावायची राहिली होती. ती मी लावली.