मावशीने जोडलेले तक्ते

माझी मावशी प्रसूतिगृहात नर्स. तीन वर्षांपूर्वी दवाखान्यामागे विजेच्या तारेला चिकटून एक माकडीण मेली, आणि तिच्या पोटाशी बिलगलेलं पिल्लू मावशीने एप्रनमध्ये गुंडाळून घरी आणलं. ड्रॉपरने दूध पाजून वाढवलं. नाव ठेवलं ठोंब्या.

ठोंब्या म्हणजे नुसता उच्छाद. माझा चष्मा त्याने दोनदा गच्चीवरून भिरकावला. मावशीला मात्र त्याचं कोण कौतुक!

मग पलीकडच्या गल्लीत कुणाचं तरी पाळलेलं माकड एका मुलीला चावलं, आणि वन्यप्राणी कार्यालयाने नोटीस लावली: परवान्याशिवाय जंगली प्राणी घरात ठेवणं गुन्हा आहे. शेजाऱ्यांपैकी कुणी ब्र काढला नसता. मी मावशीला बजावलं, गप्प बस. ऐकेल ती मावशी कसली! स्वतःच परवाना मागायला गेली. वर अर्जाला तीन वर्षांचे तक्ते जोडले. वजन, दूध, शी, ताप, सगळं वॉर्डातल्यासारखं तारीखवार, खाली सही. काळजी नीट घेतली की नाही हे तक्त्यावरून कळतं, हे तिच्या हाडीमाशी खिळलेलं.

साहेबांनी तक्ते चाळले, तिची तारीफही केली. मग म्हणाले, सापडलेलं पिल्लू दोन दिवसांत आमच्या ताब्यात द्यायचं असा कायदा आहे, आणि तुम्ही तर हजार दिवस सहीनिशी लिहून दिलेत. खटला भरणार नाही, पण माकड न्यावं लागेल. नंतर भेटायलाही यायचं नाही, त्याची माणसांची सवय मोडायची असते.

मला साहेबांपेक्षा मावशीचाच राग आला. कायद्यात काही चूक नव्हती, हे कळत होतं म्हणून तर जास्तच जळफळाट झाला.

सोमवारी पिंजरा घेऊन गाडी आली. ठोंब्या दोन माणसांना पुरून उरला. एकाला ओरबाडून कपाटावर चढून बसला. त्यांनी बेशुद्धीचं इंजेक्शन काढलं.

"सुई नको," मावशी म्हणाली. "मी घालते त्याला आत."

पिंजऱ्याच्या दारात ती गुडघ्यांवर बसली, खांद्यापर्यंत हात आत घातला आणि तळाची फळी थोपटली. ठोंब्या मुकाट खाली उतरला, तिच्या हाताला धरून आत गेला आणि कोपऱ्यात सरकून बसला. तिने हात सोडवून घेतला. माणसाने कडी लावली.

गाडी वळेपर्यंत मावशी फाटकात उभी होती. मग मला म्हणाली, "तो सरकून का बसला, कळलं का तुला? माझ्यासाठी जागा केली त्याने."