उपासना किती वाजता ठेवायची

साकोलीकडच्या आमच्या गावात ख्रिस्ती घरं चारच. माझ्या सासूबाईंनी अंगणाच्या कडेला टिनाच्या छपराची एक खोली बांधली आणि तिला प्रार्थनाघर म्हणायला सुरुवात केली. त्या गेल्या आणि किल्ली माझ्याकडे आली. किल्लीबरोबर झाडू, सतरंजी आणि दर रविवारी सगळ्यांना फोन करून बोलवायचं कामही आलं. ते मला हवंय का, असं कोणी विचारलं नाही.

सासूबाई असताना उन्हं अंगणात उतरली की उपासना सुरू व्हायची आणि संपेल तेव्हा संपायची. कोणाची प्रार्थना लांबली तर बाकीचे एक डोळा किलकिला करून एकमेकांकडे बघत, पण उठत कोणी नसे.

पहिल्यांदा वेळ बदलली ती आमच्या चार घरांतल्याच चक्कीवाल्या भाऊंसाठी. रविवारी सकाळीच सारं गाव दळण घेऊन येतं. ते अगदी संकोचून म्हणाले, "वहिनी, थोडी लवकर ठेवली तं मले बी येता येईल." लवकर ठेवली. मग आमच्यातली नर्सबाई रात्रपाळी करून साकोलीहून यायची आणि सतरंजीवर बसल्या बसल्या पेंगायची. तिच्यासाठी दुपारची केली. दुपारी माझं अडायला लागलं. मी अंगणवाडी सेविका. पोरांची वजनं-उंची घ्यायची, फोटो काढायचे, ते सगळं मोबाईलवर भरायचं आणि भरलं नाही म्हणून सुपरवायझर मॅडमचं ऐकायचं, त्याला रविवार नसतो. मग संध्याकाळ ठरली. तर उपासना चालवायला बाहेरगावाहून येणाऱ्या पाळकसाहेबांना अंधारात मोटारसायकल चालवणं जमेना. त्यांच्याकडे आमच्यासारखी आणखी गावं होती, आणि त्या गावांतही माणसं वेळच बदलून मागत होती.

कोणी एकानं जरी नुसता आळस केला असता तर मला बरं झालं असतं, भांडायला माणूस मिळाला असता. पण प्रत्येकाचं काम खरं होतं. आम्ही एकमेकांना इतकं सांभाळून घेतलं की शेवटी कुठलीच वेळ उरली नाही.

त्यात एका वर्षी कापणीनंतर अवकाळी पाऊस आला. नवरा धानाचे कट्टे, भरलेली पोती, घेऊन अंगणात भिजत उभा. "घरात जागा नाही. दोन दिवस प्रार्थनाघरात ठेवू न. देव काही नाही म्हणत नाही." मीच कुलूप काढलं. चक्कीवाल्या भाऊंचेही कट्टे आले. दोन दिवसांनी ऊन पडलं, पण सरकारी खरेदी केंद्रावर माप भरायला रिकामा बारदाना नव्हता, मग आमचा नंबर लागत नव्हता, मग गाडी नव्हती. कट्टे छपरापर्यंत रचलेले. भजनाची ढोलक त्यांच्या मागे कुठेतरी अडकली आणि तिचं कातडं उंदरांनी खाल्लं.

तोवर पाळकसाहेबांनी फोनवर ग्रुप काढला. रविवारी ते वचन आणि प्रार्थना बोलून पाठवत. ज्याला जेव्हा फुरसत मिळेल तेव्हा त्यानं ऐकावं. खाली हात जोडल्याची चित्रं येत, माझंही येई. मला वाटलं, चला, हे जमतंय. एकदा भाजी फोडणीला टाकताना मी तो आवाज दीडपट वेगानं लावला. आमचे बिचारे पाळकसाहेब, एकेक शब्द तोलून बोलणारे, बसस्थानकावर गाड्या पुकारणाऱ्या माणसासारखे धावायला लागले. "हे दयाळू पित्या" कधी म्हणाले आणि "आमेन" कधी, कळलंच नाही. भाजी शिजायच्या आत उपासना आटोपली. मला हसू आलं, आणि मग तिथंच चुलीपुढे रडू आलं.

तेव्हापासून मी एकच आस धरून होते. कट्टे जाऊ देत, खोली मोकळी होऊ दे, एक सकाळ मिळू दे, मग मी अशी प्रार्थना करीन की आतापर्यंतची सगळी भरपाई होईल. कामावर, रस्त्यानं, पोरांची नाकं पुसताना मी मनाशी हेच म्हणत असे. माझा विश्वास कमी झाला असं मला कधी वाटलं नाही. वेळ कमी आहे, एवढंच वाटायचं.

कट्टे एकदाचे गेले. मी खोली झाडली, शेण-मातीनं सारवली, सतरंजी उन्हात घातली आणि शनिवारीच सगळ्यांना फोन केले, सासूबाईंच्या वेळेला या म्हणून. चक्कीवाले भाऊ म्हणाले, "पट्टा तुटला वो वहिनी, तो बसवतो. तुम्ही करा न आमच्या नावानं." नर्सबाई म्हणाली, "ताई, माही ड्युटी लागली. माह्या पोरीची बारावी आहे, तिच्यासाठी मांगजो." पाळकसाहेब दुसऱ्या गावी होते, पण ते फोनवर खूप खूश झाले. म्हणाले, तुम्ही आहात म्हणून मंडळी आहे. नवऱ्याच्या उन्हाळी धानाला कालव्याचं पाणी सुटलं होतं. जाता जाता तो धानाच्या रोपांच्या काळजीनं म्हणाला, "पऱ्हे बरे नाही दिसून राहिले. जरा माह्यं बी नाव घेजो."

सगळ्यांनी आपापलं गाऱ्हाणं माझ्या पदरात टाकलं आणि निश्चिंत कामाला गेले.

मी गुडघे टेकले. खोली स्वच्छ, सकाळ मोकळी, अडवणारं कोणी नाही. डोळे मिटले आणि काहीच आलं नाही. पोरीची बारावी आठवली, पऱ्हे आठवले, चक्कीचा पट्टा आठवला. पण ज्याला हे सांगायचं तो समोर आहे असं वाटेना. रिकाम्या घराचं दार वाजवावं तसं मी पुन्हा पुन्हा "प्रभू" म्हणत राहिले. गुडघे दुखायला लागले. इतकी वर्षं मी ज्या वेळेसाठी तळमळले ती वेळ माझ्यापुढे होती आणि तिचं काय करायचं हे मला कळत नव्हतं. मी घाबरले. खरंच घाबरले.

तेवढ्यात फोन वाजला. मॅडम. एका पोराचं वजन भरायचं राहिलं होतं, आत्ताच्या आत्ता हवं होतं. एरवी मी कुरकुरले असते. त्या दिवशी मी "हो मॅडम, हो मॅडम" करत झटकन उठले आणि मला सुटल्यासारखं वाटलं. कामानं मला देवापासून सोडवलं, आणि मला ते बरं वाटलं.

नवरा दुपारी आला. पाय चिखलानं भरलेले, चेहरा उन्हानं काळवंडलेला. हात धुता धुता त्यानं विचारलं, "झाली का प्रार्थना? माह्यं नाव घेतलं न?"

"घेतलं," मी म्हटलं.

"मंग काही चिंता नाही," तो म्हणाला आणि जेवायला बसला.